बंदर बघून आल्यावर

मार्शल लॉच्या दिवसांत सोलापुरात पकडलेल्या जोतीरामाला कोकणातल्या एका बंदराच्या गावी तुरुंगात ठेवलं होतं. भेटीला एकच दिवस मिळाला, म्हणून त्याची आई गोजरबाई एवढ्या लांब एकटीच जाऊन आली.

"जोती खुशाल हाय," एवढंच सुनेला सांगून ती बंदराबद्दलच बोलत सुटली. धक्क्याला लागलेली आगबोट बघितली, किल्ला बघितला, दीपगृह बघितलं, मासळीबाजारसुद्धा सोडला नाही. "समुद्र लई मोठा गं वच्छला. आपलं समदं सोलापूर बुडंल की त्यात!"

आठ महिन्यांची पोटुशी वच्छला ऐकत होती. शेवटी तिनं सासूचा हात हातात घेतला.

"आत्याबाई, दिसभर गावच बघत फिरलासा, म्हंजी त्यांची गाठ पडलीच न्हाय व्हय?"