गाडीची वाट

"गाडी ढकलली तरी चालेल, वहिनी," 'परंतु' म्हातारा व्हरांड्यातल्या खुर्चीतून म्हणाला. "परंतु स्टिअरिंगवर मालक स्वतः हवा. कागदात तसं आहे."

कागदात तसं होतंच, कारण कागद यानेच लिहिला होता, मागची अर्धी जागा टॅक्सीवाल्याला विकताना. जन्मभर रजिस्ट्रेशनच्या कचेरीत खर्डेघाशी केलेला म्हातारा. 'परंतु'शिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे, म्हणून गल्लीने त्याला तेच नाव ठेवलं होतं. मागच्या घराला रस्ता गाठायचा तर त्याच्या अंगणातूनच जावं लागे. मागच्या मालकाने सलग बारा महिने स्वतःची गाडी स्वतः बाहेर नेली नाही, तर गाडीची वाट बंद, मग फक्त पायी जायचं, असं त्याने लिहून घेतलं होतं. सही करताना टॅक्सीवाला हसला होता. टॅक्सीवाल्याची गाडी कधी बारा महिने उभी राहते का?

राहिली. बरोबर वर्षापूर्वी, आजच्याच तारखेला, तो पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक 'चल' तेवढं उरलं. पाणी हवं तरी चल, कूस बदलायची तरी चल. त्याच्या बायकोच्या डोक्यात ती तारीख पक्की बसली होती. त्याला उचलून गाडीत घालायचं म्हणजे त्याचे हाल, म्हणून तिने शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आज नेली की पुढचं अख्खं वर्ष कटकट नाही. आणि न्यायला तर हवीच होती. वाट गेली तर इस्पितळाची गाडी दाराशी येणार नाही, आणि चाकाची खुर्ची या खडीत दोन हातसुद्धा सरकत नव्हती.

काल दिवसभर त्याने चल, चल करून जीव खाल्ला होता. डाव्या हाताने किल्लीची जुडी कॉटच्या लोखंडावर आपटत होता. "आज नाही हो, उद्या," ती दहादा म्हणाली, आणि अकराव्यांदा तिने जुडी काढूनच घेतली.

आता मायलेकींनी त्याला बखोटीला धरून पुढच्या सीटवर कोंबलं. तो कण्हला. मान एका बाजूला जायला लागली तशी लेकीने ओढणीने त्याला सीटला बांधलं. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. बॅटरी कधीच मेली होती, टायर बसले होते. दोघींनी मागून खांदे लावले.

खडीत पाय सरकत होते. हातभर पुढे, वीतभर मागे. लेकीची चप्पल तुटली, तिने ती भिरकावून दिली. पण गाडी हलली बाई एकदाची! म्हातारा परंतु स्वतः व्हरांड्यातून खाली उतरला, त्याने फाटक सताड उघडून धरलं. "थोडं डावीकडे… हां, शाब्बास! लावा जोर!"

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. बाई फुटपाथवर मटकन बसली. घामाने निथळत होती, आणि वर्षात पहिल्यांदा खदखदून हसत होती.

"झालं! काका, लिहा तुमच्या वहीत. आज गेली म्हणून लिहा."

अंगणातून गेलेली प्रत्येक गाडी परंतुच्या वहीत असायची. त्याने खिशातून वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली.

"लिहितो. परंतु वर्ष काल संपलं, वहिनी."

"काल कसं? हे पडले ती तारीख आजची. त्या दिवशी सकाळी गाडी काढली होती यांनी."

"काढणार होता. दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि कोसळला. गाडी जागची हलली नाही. मी इथंच चहा घेत होतो. शेवटची गेली ती आदल्या दिवशी, संध्याकाळचं भाडं होतं." त्याने वही तिच्यापुढे धरली.

"मग हे तासभर बघत काय बसलात?" लेक ओरडली. "आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

"तळपट होईल तुझं, मेल्या!" बाई किंचाळली.

"होईल. परंतु वाट बंद." त्याने फाटक लोटलं, साखळी घातली, कुलूप दाबलं. फाटकाशेजारचं, एक माणूस जाईल एवढं छोटं दार मात्र उघडंच ठेवलं. "त्याला उचलून न्या. उचलून न्यायला माझी काही हरकत नाही." आणि तो व्हरांड्यात जाऊन बसला.

बाई उठली. तिचा सगळा संताप जाऊन आदळला तो बांधून ठेवलेल्या माणसावर. तिने गाडीचं दार खसकन ओढलं.

"तुम्हाला तरी ठाऊक होतं ना? गाडी तुमची! मग काल सांगता येत नव्हतं?"

तो तिच्याकडे बघत राहिला.

"आई," लेक हळूच म्हणाली, "ते कालच सांगत होते. दिवसभर."

ओढणीची गाठ घामाने आवळली होती, ती बाईने दातांनी सोडली. मग त्याच्या काखेत हात घालून म्हणाली, "चला."

त्याने मान फिरवली. डाव्या हाताने स्टिअरिंग गच्च धरलं.

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली.