जातो म्हणणारी चकती

अपघातात मेंदूला मार बसून भागवतची वाचा गेली. आता कानामागची मोफत मिळालेली चकती त्याच्या मनातलं बोले. रोज व्यायामाला निघताना तो मनात ‘येतो’ म्हणे आणि चकती बोले, “मी जातो.” त्याच्या बायकोच्या, तुळसाच्या काळजात चर्र होई.

“घरातून निघताना कुणी जातो म्हणतं का? कितीदा सांगायचं?” चकती तपासायला घरी आलेल्या तंत्रज्ञावर ती कावली.

“ताई, यंत्र खरा अर्थ बोलतं. ते जातातच ना? आणि मोफतच्या चकतीत शब्द बदलून मिळत नाहीत.” त्याने पिशवी उचलली. “बरं, येतो.”

“कशाला येता?” तुळसा फणकारली. “खरा अर्थ बोला ना. जातो म्हणा!”

तंत्रज्ञ उंबऱ्यातच थबकला. त्याची जीभ काही रेटेना.