लाइफ जॅकेटवरची हरकत

त्या दिवशीच्या टाळ्या आठवल्या की अजून माझी मान खाली जाते.

होड्यांच्या नव्या सुरक्षा नियमांवर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. सुनावणीत मी माइक धरून ठणकावलं, "साहेब, बावीस वर्षं या नदीत माणसांची ने-आण करतोय. प्रत्येकाला लाइफ जॅकेटची सक्ती कशाला? लोक माझ्या भरवशावर बसतात, तेवढं पुरे!" सभागृह दणाणलं. साहेबांनी ते कलम सहा महिने पुढे ढकललं.

छाती फुगवून धक्क्यावर आलो, तर माझी लेक सासरी निघाली होती. पण दोन्ही पोरांना घेऊन ती चढत होती शेजारच्या होडीत. त्या होडीवाल्याशी माझं बोलणंसुद्धा नव्हतं.

"अगं, बापाची होडी रिकामी उभी आहे, आणि तू याच्या होडीत?" मी चारचौघांत ओरडलो.

तिने धाकट्याच्या जॅकेटचा पट्टा आवळला आणि माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाली,



"बाबा, मी एकटी असते तेव्हा तुमच्याच होडीत बसते ना?"