आ करा, आजोबा

कल्पना करा, तुमच्या आजोबांना दुसऱ्या कुणाचं तरी मूत्रपिंड बसवलंय. अशाच एका आजोबांना डॉक्टरांनी बजावलं, "शरीरातले सैनिक या मूत्रपिंडाला परकं समजून त्याच्यावर तुटून पडतात. एकदा बिथरले की तुमच्या स्वतःच्या अवयवांनाही सोडत नाहीत. त्यांना गप्प बसवणारी गोळी चुकवलीत, तर मूत्रपिंड गमावून बसाल."

आजोबा मात्र गोळी गालात धरायचे आणि मागच्या दारी थुंकून यायचे. म्हणून पहारा नातीकडे आला. रोज सकाळी आठला ती "आ करा" म्हणायची आणि जिभेखाली नीट बघायची.

आजही तिने बघितलं. तोंड रिकामं होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आजोबांनी एक घोट घेतला आणि कप सरकवला.

"फुळकवणी नुसती. बारा वर्षं झाली या घरात येऊन, तरी सूनबाई परकीच राहिली. हिचं काही माझ्या अंगी लागत नाही."

आईचा हात कुशीवरच्या टाक्यांकडे गेला. मूत्रपिंड तिचंच होतं.

नात उठली आणि पुन्हा आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आ करा, आजोबा. गोळी गिळलेली दिसत नाही."