गार इंजिन

नव्या नोकरीच्या गावी खोली ठरवून आलो, तर दादाचं तोंड उतरलं. "आईला टाकून जाणार? अरे, मीही त्याच गावात नोकरी करतो, रोज बसने जातो-येतो. मेलो का मी? तुला एखादी जुनी मोटरसायकल बघून देतो."

मी खोली सोडली.

गाडी दादानेच निवडली. चकचकीत दिसणाऱ्या सगळ्या नाकारल्या आणि जिचं गार इंजिन पहिल्या किकला सुरू झालं तीच घेतली. म्हणाला, "विकणारे आधीच इंजिन तापवून ठेवतात. लोक तिथेच फसतात."

मग सुट्टीच्या दिवशी दारात बसून त्याने चेन बदलली, टायर बदलले, ब्रेक नीट केले. माझी पाठ दुखू नये म्हणून हँडल उंच केलं, सीटमध्ये जाड फोम भरला. कोपरापर्यंत हात काळे झालेल्या माझ्या दादाला बघून मला भरून आलं.

नोकरीच्या पहिल्या दिवशी सकाळी गाडी काढायला बाहेर आलो, तर दारात टेम्पो उभा. त्यात दादा-वहिनीचं कपाट चढत होतं.

"हे काय, दादा?"

"निघालो आम्ही. आईच्या गोळ्या फ्रीजवर ठेवल्यात." त्याने माझ्या गाडीच्या सीटवर थोपटलं.

"निघालो म्हणजे? कुठे?"

"तू सोडलेली खोली घेतली मी. रोजचं एवढं जाणं-येणं नाही रे झेपत माणसाला."