बोअरबंदीचा ठराव

आण्णासाहेब उभे राहिले आणि भर ग्रामसभेत सुनेच्या विरोधात बोलले.

"बोअरबंदी होऊ देणार न्हाय. ज्याचं रान, त्याचं पाणी. गावानं त्यात पडायचं कारण न्हाय."

शाळेच्या पटांगणातली कुजबुज थांबली. सरपंच सोनाली टेबलामागं उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. ठराव तिचाच होता. गावात कुणी नवा बोअर मारायचा नाही, आहे ते पाणी सगळ्यांनी जपून वापरायचं. तिला निवडून आणलं ते सासऱ्यांनीच. सकाळी चहा देताना तिनं त्यांना ठराव वाचून दाखवला, तेव्हा ते काही बोलले नव्हते. तिनं तो होकार समजला होता.

अणदूरच्या अलीकडचं हे गाव. लोकसभेच्या निवडणुकीपासून ते दोन झालं होतं. अर्धं आण्णासाहेबांचं, अर्धं नानासाहेबांचं. दिल्लीत कोण काय बोललं, मुंबईत कोण कुणाकडं गेलं, यावरून इथं चुलतभावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. दोन गणपती बसले, दोन शिवजयंत्या झाल्या. शेवटी मयतीलासुद्धा माणसं आपला-परका बघून जायला लागली. पाणी तेवढं वाटून घेता येत नव्हतं. सप्टेंबरात आभाळ फाटलं आणि बांधासकट माती वाहून गेली. त्याच गावात होळीच्या आत बोअर उचक्या द्यायला लागले. खाली पाणी एकच होतं. एकजण खोल गेला, की शेजारचा कोरडा पडायचा.

गेल्या वर्षीही सोनालीनं हाच ठराव आणला होता. बहुमतानं मंजूरही झाला होता. दुसऱ्या दिवशी नानासाहेबांच्या माणसांच्या रानात बोअरची गाडी उभी. "तुमचा ठराव तुमच्यापाशी," असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग आण्णासाहेबांचा पुतण्या शंभू चिडला, त्यानंही मारला. एकाचा कोरडा गेला, दुसऱ्याला पाणी लागलं आणि चौघांचं होतं ते गेलं. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या बाया टँकरपुढं झिंज्या धरून भांडल्या. यंदा ठराव नुसता मंजूर होऊन भागणार नव्हतं, तो पाळला जायला हवा होता. आणि आता घरचाच माणूस आडवा आला होता.

समोरच्या बाजूनं नानासाहेब उठले. टोपी सारखी केली.

"ऐकलंत का मंडळी? सुनंला सरपंच केलं, आन् पाणी मातर सोताच्या द्राक्षबागेला! मग आमचं बी ठरलं. बंदीला आमचा पाठिंबा. आमच्यातल्या कुणी बोअर मारला, तर त्याच्या दारात म्या सोता जाऊन बसंन."

टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. आण्णासाहेबांना पाडायची संधी कोण सोडतंय? अर्ध्या गावानं हात वर केले. मग इकडच्या बायांनी केले. आण्णासाहेबांची बायको तुळजाबाई, तिनंही नवऱ्याकडं न बघता हात वर केला. ठराव मंजूर झाला.

शंभू ताडकन उठला. "आमी न्हाय मानत! उद्याच गाडी बोलावतो."

"खाली बस," आण्णासाहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हरलोय आपण. हरल्यावर मानायचं असतंय. माझ्या रानात बी आता बोअर न्हाय, आन् तुझ्या बी न्हाय."

शंभू धुसफुसला. मग बसला.

सभा सुटली तेव्हा पोरं ओरडत होती. आण्णासाहेब त्यांच्यातून मान खाली घालून घरी गेले. या माणसाला गाव हसतंय, असं कुणी पाहिलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत मोबाईलवर त्यांचा फोटो फिरायला लागला. खाली लिहिलं होतं, पाणीचोर.

सोनाली घरी आली. आण्णासाहेब ओसरीवर पाय सोडून बसले होते. ती त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मामा, माझ्यावर राग होता तर घरात सांगायचं होतं. चारचौघांत असं का केलंत?"

"तुझा ठराव म्या उचलून धरला असता, तर गेल्या साली झालं तेच झालं असतं," आण्णासाहेब म्हणाले. "नानाच्या माणसांनी हट्टानं मोडला असता. आता ठराव त्यांचा झाला. आपला ठराव आपल्या हातानं कोण मोडतंय?"

सोनालीनं विचारलं, "म्हणजे... नानासाहेबांना हे ठाऊक होतं?"

"नळदुर्गला ढाब्यावर भेटलो आमी. ट्रकच्या आडोशाला बसून चहा घेतला. गावात कुणी बघितलं असतं, तर दोघं बी विकले गेले म्हणाले असते."

"पण गाव तुम्हाला पाणीचोर म्हणतंय, मामा."

"म्हणू दे. सध्या कुणाला तरी हरवल्याबिगर गावाला काही गोडच लागत न्हाय. पाणी राहिलं म्हंजी झालं."

तुळजाबाई आतून दारात आली. तिला आण्णासाहेब आणि नानासाहेब तरणे असल्यापासून माहीत होते. "तुमी दोघं एका जागी बसलात, आन् भांडण झालं न्हाय?"

"झालं की! लई झालं," आण्णासाहेब म्हणाले, आणि सोनालीनं त्यांना कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं. "हरायचं कुणी, ह्याच्यावरून."