अण्णांचं हसू

"या एकाच फोटोत हसलेत रे अण्णा. कव्हरवर हाच लाव," आई म्हणाली.

अण्णा गेल्यानंतरचा त्यांच्या गाण्यांचा हा पहिलाच अल्बम. कंपनीला कव्हरवर एकटे अण्णा हवे होते आणि फोटोत तर शेजारी तानपुरा घेऊन दिगंबर बसलेला. पोटचा शिरीष सुराला कच्चा निघाला, तेव्हापासून अण्णा या शिष्यालाच आपला मुलगा म्हणायचे.

शिरीषने कॉम्प्युटरवर दिगंबरला सफाईने कापून काढलं. तरी अण्णा त्याच बाजूला मान वळवून, चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघत तोंडभरून हसतच होते.

न राहवून शिरीषने तिथे स्वतःचा फोटो आणून बसवला. उजेड जुळवला, सावली जुळवली. आता अण्णा त्याच्याकडे बघून हसत होते. तो कितीतरी वेळ बघत राहिला.

चहा घेऊन आलेली आई मागेच थबकली.

"हा कधी काढला?"

शिरीषने माउस बाजूला सारला. आईने कप खाली ठेवला, त्याच्या केसांतून हात फिरवला.

"डोळे मिटून गातानाचा एखादा फोटो शोध, बाळा."